मोहिनी गाडीतून उतरली नाही

घाटनांदुरात कुजबुज अशी होती, की भामाबाईची मोहिनी साहेबीण झाली आणि सख्ख्या आईला भर रस्त्यात म्हणाली, "या बाईंना मी ओळखत नाही." टपरीवर हे वाक्य मोहिनीच्या आवाजात करून दाखवणारेही निघाले. त्यातला एकही तिथं हजर नव्हता, ते सोडा.

मोहिनी शेळ्या राखणाऱ्या घरची. गावोगावच्या गटांना अनुदान देणाऱ्या अंबाजोगाईच्या एका प्रतिष्ठानात तिची निवड झाली. आधी प्रशिक्षण पार पाडायचं, मगच नोकरी कायम. शिकवणाऱ्या वनमालाताई भारी खट. एकदा त्यांनीच गावपुढाऱ्याचं सोंग घेतलं आणि शाल-नारळ पुढं केला. मोहिनीनं सवयीनं शाल घेतली, वर पायाही पडली.

"नापास!" वनमालाताई म्हणाल्या. "ज्याचा अर्ज तपासायचा, त्याचीच शाल पांघरून बसलीस?"

वर्ग खो-खो हसला. मोहिनी नाही हसली. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं.

आणि नेमका अर्ज आला घाटनांदूरहून! शेळीवाल्या बायकांच्या गटाला पाण्याचा हौद हवा होता. गटाची अध्यक्ष भामाबाई. मोहिनीनं तडक सांगितलं, "ही माझी आई. अर्ज दुसऱ्याकडं द्या." तो गेला तिच्यासोबत शिकणाऱ्या रामेश्वरकडं.

पाहणीच्या आदल्या दिवशी आईचा फोन. "हौद आपल्या गोठ्यापाशीच बांधायचा. बराबर हाय ना गं?"

बरोबर नव्हतं. खाजगी जागेवरच्या बांधकामाला पैसा मिळत नाही, हे मोहिनीला पाठ होतं. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं.

"मला नको इचारू, आई. रामेश्वरला इचार."

"परक्या पोराला कावून इचारू? लेक असताना?" भामाबाईनं फणकाऱ्यानं फोन ठेवला.

मोहिनीला पुढच्या गावी काम होतं आणि प्रतिष्ठानाची गाडी एकच, म्हणून दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसून होती. बाहेर भामाबाई रामेश्वरला ठसक्यात सांगत होती, "जागा माझ्याच नावची हाय!"

रामेश्वरनं नियम सांगितला. "मावशी, जागा बदलून पुन्हा अर्ज करा."

भामाबाई तरातरा गाडीपाशी आली. "मोहिने, उतर खाली! सांग ह्याला, मी कोण हाय ते!"

माजी सरपंच सुंदरराव मोहिनीच्या सत्कारासाठी शाल घेऊन ताटकळले होते. त्यांनीही टोमणा हाणला, "आईच्या दारात उतरायला लाज वाटती व्हय गं?"

मोहिनीचे डोळे भरले, आवाज हलला नाही. "मामा, ह्या अर्जात मी न्हाई. आई, तो सांगतोय तसंच कर."

आईनं अबोला धरला. पण हट्टाला मायलेकी सारख्याच. भामाबाईनं ग्रामपंचायतीला पिडून गायरानात जागा मिळवली, अर्ज पुन्हा केला. हौद झाला. मोहिनी कायम झाली. अबोलाही सुटला.

आईला ओळखत नाही, असं मोहिनी कधीच म्हणाली नाही. अर्ज आईच्या गटाचा होता, म्हणून ती गाडीतून उतरली नाही.