उभ्यानं गाणाऱ्या राणीबाई

राणीबाईंना बसून गाता येत नसे. गादीवर बसवलं, पुढे माईक ठेवला, तरी पहिल्या ओळीलाच आवाज घशात अडकायचा. मग त्या उठत, पदर खोचत, माईकपासून दोन पावलं लांब जात आणि गात. बोथच्या बाजारातल्या शेवटच्या पानठेल्यापर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. "बसून मी भाकरी थापते," त्या म्हणत. "गाणं उभ्यानंच निंगते."

राणीबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. वाशीमकडच्या एका फिरत्या संगीत नाटक कंपनीत त्यांनी वीस वर्षं राणीच्या भूमिका केल्या, म्हणून हे नाव पडलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, कापूस घरात आल्यावर, ही कंपनी सीमेपलीकडे, तेव्हाच्या आंध्रातल्या आमच्या भागात आली. आदिलाबादला आठ दिवस खेळ झाले, मग बोथला तंबू पडला. तो शेवटचाच. गावोगावी व्हिडिओ आला होता आणि तंबूत पुढच्या दोन रांगाही भरत नव्हत्या. मालकाने पडदे, झगे, लाकडी सिंहासन, सगळं विकून टाकलं. मंडळी मिळेल त्या बसने आपापल्या गावी गेली. नायकाचं काम करणारे विनायकराव जाताना म्हणाले, "नागपूरला नवी कंपनी उभी करतो, राणी. पत्र टाकतो." राणीबाईंनी बोथलाच एक खोली घेतली आणि पत्राची वाट बघत राहिल्या. भावाचं घर होतं, पण त्या नाटकात गेल्या त्या दिवशीच ते दार बंद झालं होतं.

मी तेव्हा बोथच्या मराठी शाळेत नुकतीच लागले होते. माझे बाबा जलशात पेटी वाजवायचे. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि दर पौर्णिमेला मी ती विहारात वाजवू लागले. कुणीतरी हे राणीबाईंना सांगितलं असावं. एका सकाळी त्या दारात उभ्या. "मास्तरीणबाई, तुमी पेटी वाजवता म्हने. काळी चारमंधी जमते का?"

ती पट्टी मला जमत होती, मी हो म्हटलं. पुढची अकरा वर्षं त्या एका होकारावर गेली.

त्यांच्या एकटीच्या नावाचा पहिला कार्यक्रम विहाराच्या अंगणात झाला. दोन पदं म्हणून त्या थांबल्या. लोक चुळबुळ करत होते. मी हळूच विचारलं, "बाई, काय झालं?"

"अवं, नाटकात कोणी रुसते, कोणी वनवासाले जाते, मंग गाणं येते," त्या कुजबुजल्या. "हितं काऊन गाऊन राह्यली मी?"

 मग त्यांनाच सुचलं. लोकांकडे वळून त्या शुद्ध, घडीव मराठीत म्हणाल्या, "एका राणीचा राजा शिकारीला गेला आहे. सांज झाली. घोडा परत आला आहे, स्वार नाही. आता ती गाते." अंगणातली चुळबूळ थांबली. पद संपलं तरी कुणी उठेना. तेव्हापासून हीच त्यांची रीत झाली. आधी चार वाक्यांत गोष्ट, मग पद. वीस जणांचं नाटक त्या एकटीने अंगावर घेऊन उभ्या राहायच्या.

एका वसंतपंचमीला आम्ही बासरला, सरस्वतीच्या देवळात गेलो. पोरांच्या हातात पहिली पाटी द्यायला आलेल्या आईबापांची गर्दी, सगळी तेलुगू बोलणारी. मी म्हटलं, गोष्ट मी तेलुगूत सांगते. त्या ऐकेनात. नुसत्या हातांनी आणि मानेने त्यांनी तो रिकामा घोडा उभा केला आणि गायल्या. एका म्हाताऱ्या बाईने पुढे येऊन त्यांचा हात धरला. "मळ्ळी पाडू, अम्मा." पुन्हा गा. परतीच्या बसमध्ये राणीबाई हसत म्हणाल्या, "बुढीले भाषा नाई समजली, पन घोडा समजला."

आदिलाबादला रेडिओचं केंद्र झालं तेव्हा मीच त्यांच्या नावाने अर्ज केला होता. बोलावणंही आलं. आतली खोली बघून त्या दारातच थबकल्या. "लोकं कुठी बसतेत?" मी म्हटलं, लोक आपापल्या घरी ऐकतील.  "भिताडासमोर नाई गाता येत मले," म्हणाल्या आणि चपला घालून बाहेर आल्या. मी चिडले होते. 

विनायकरावांचं पत्र नवव्या वर्षी आलं. नवी कंपनी, जुनंच नाटक, ताबडतोब या. राणीबाईंनी ते मला तीन वेळा वाचायला लावलं. केसांना कलप लावला, ट्रंकेतला जुना शालू उन्हात टाकला. हायवेच्या फाट्यावर मी त्यांना नागपूरच्या गाडीत बसवलं. त्या दिवशी त्या मला पंचविशीतल्या वाटल्या.

तीन आठवड्यांनी मी वर्गात शुद्धलेखन घालत होते तर त्या ट्रंक घेऊन दारात उभ्या. मधल्या सुट्टीत चहा घेताना सांगू लागल्या. "मास्तरीण, राणीचं काम बावीस वर्साची पोरगी करते. तिनं होट हालवाचे, मी पडद्याआडून गावाचं. एक खेळ केला. गाणं माहं, रडणं तिचं. टाळ्या पडल्या, आन् मी विंगेत दोरी धरून उभी."

"विनायकराव काय म्हणाले?"

"म्हने, राणी, तूच समजून घे." त्यांनी कप खाली ठेवला. "तो बी म्हातारा झाला, पन त्याले कोणी पडद्याआड उभं नाई केलं."

"रडलात का बाई?"

"हिंगनघाटापर्यंत. मंग झोप लागली."

त्यानंतर त्यांच्या तोंडी विनायकरावांचं नाव आलं नाही. पुढची दोन वर्षं त्या जितक्या गायल्या तितक्या आधी कधी गायल्या नव्हत्या. उटनूर, आदिलाबाद, सीमेवरची खेडी, जिथून बोलावणं येईल तिथे. मग घशाला गाठ आली. बोलणंही अवघड झालं. भाऊ तोवर गेला होता. त्याची मुलगी वाशीमहून त्यांना न्यायला आली, तिने न विचारता सामान बांधलं. निघताना राणीबाईंनी माझ्या पेटीवर हात ठेवला आणि फक्त ओठांनी म्हणाल्या, "बंद नोको करू." चार महिन्यांनी भाचीचं कार्ड आलं. शेवटी त्रास झाला नाही, एवढंच लिहिलं होतं.

त्यांच्या आवाजाची एकही टेप नाही. रेडिओच्या दारातून त्यांना परत येऊ दिलं, याची चुटपुट मला अजून लागते. पदं मला सगळी येतात, चाली पेटीवर वाजवते. पण काही वर्षांपूर्वी ध्यानात आलं, तो आवाज आता मला आठवत नाही. डोळे मिटून कितीही वाट पाहिली तरी कानात उमटत नाही.

आठवते ती माझी आई. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचलेली, नाटक कधी न पाहिलेली. विहाराच्या अंगणात राणीबाई पहिल्यांदा गायल्या तेव्हा ती पुढेच बसली होती. बोंडांनी ओरखडलेले दोन्ही हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते, कुणी काही ओंजळीत घालणार असावं तसे.