भिकबाळीवाल्याच्या सिनेमाचा शेवट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — अगदी बी.कॉम.ला एकदा गटांगळी खाल्ली तेसुद्धा — पण हे नाही. आणि ऐकायला हे काहीच नाही. एका सिनेमाचा शेवट मी खोटा सांगितला, एवढंच. मग इतकी वर्षं घशात का अडकून बसलंय?

आम्ही तेव्हा अंबरनाथला, बुवापाड्यात राहायचो. आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. त्यामुळे टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला की बायका आमच्याकडे जमायच्या आणि मी त्यांना अर्थ सांगायचे. नववीतली पोर मी, पण केवढा तोरा! त्या रविवारी दुपारी समुद्री चाच्यांचा सिनेमा लागला होता — तलवारी, तोफा, दोरीला लोंबकळत या जहाजावरून त्या जहाजावर उड्या. नायकाच्या कानात रिंग होती, म्हणून बायकांनी लगेच त्याचं नाव भिकबाळीवाला ठेवलं. तो गव्हर्नरच्या मुलीला पळवून आणतो, आणि हळूहळू तीच त्याच्या प्रेमात पडते. शेवटी तिला न्यायला बापाचं जहाज येतं. दोन जहाजांमध्ये फळी टाकलेली, फळीवर ती उभी — आणि लाइट गेली.

“आता गं? कुठं जाते ती?” शेजारच्या काकूंनी विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. काकूंच्या मागे त्यांची मुलगी बसली होती, वंदनाताई.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं होतं — मीच टाळत होते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात जायची. माझ्या वेण्या ती घालायची, माझी भांडणं ती भांडायची. मला सख्खी बहीण नव्हती, ती होती. कारखान्यातल्या हरेश नावाच्या कटिंग मास्टरवर तिचं प्रेम होतं. तो सिंधी, काकू मेल्या तरी हो म्हणाल्या नसत्या. त्याला इंदूरला काम मिळालं होतं आणि सोमवारी सकाळी ताई त्याच्याबरोबर जाणार होती. हे फक्त मला माहीत होतं. तिची भरलेली बॅग आमच्याच पलंगाखाली होती, आणि त्याच पलंगावर बसून काकू सिनेमा बघत होत्या.

शेवट मला माहीत होता. शाळेत आम्हाला तो सिनेमा दाखवला होता. ती मुलगी फळीवरून मागे फिरते, चाच्याकडे जाते, आणि बाप लांबून हात हलवून निरोप देतो.

मी म्हणाले, ती बापाकडे जाते.

वर पदरचंही घातलं — ती म्हणते, बापाला रडवून मी सुखी कशी होणार? काकूंनी डोळे पुसले. “शहाणी निघाली हो पोरगी,” म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनं नाही.

संध्याकाळी नळावर तिनं मला एकटीला गाठलं. “खरंच असं म्हणते ती?” तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं ना? मी म्हटलं, हो, अगदी असंच.

का? काकूंच्या काळजीनं? छे. ताई गेली तर माझं कोण, एवढंच डोक्यात होतं. आणि रागही होता — जायचं तिनं परस्पर ठरवलं, मला नुसतं सांगितलं.

सोमवारी सकाळी ती आली आणि बॅग उचलून आपल्या घरी घेऊन गेली. डोळे सुजलेले होते. तुम्ही म्हणाल, सिनेमा बघून कोणी आयुष्य ठरवतं का? मीही स्वतःला हेच सांगत आले. ती आधीच घाबरली असेल. असेलही. पण तिनं मला विचारलं होतं, आणि मी काय करतेय ते मला कळत होतं. त्या सकाळी मला आनंद झाला होता — हे लिहिताना लाज वाटते — मी पोहे दोनदा मागून घेतले.

तीन वर्षांनी मी शिकायला पुण्याला निघून गेले. मागे वळूनही पाहिलं नाही. पुढे मी जातीबाहेर लग्न करायचं म्हटलं, तेव्हा माझ्या बाबांची समजूत घालायला कोण आलं? ताईच. सासरहून, बदलापूरहून, सलग तीन रविवार. तिचा नवरा वाईट नाही. पीत नाही, हात उचलत नाही. बोलतही नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. मटार सोलत बसलो होतो आणि टीव्हीवर तोच सिनेमा लागला, आता हिंदीत. “अगं, हा तर आपला भिकबाळीवाला!” ताई केवढी खूश झाली. या वेळी लाइट गेली नाही. मुलगी फळीवरून मागे फिरली.

ताईचे हात थांबले. ती म्हणाली, “तू तर म्हणाली होतीस, बापाकडे जाते.”

सांगायचं होतं. तोंड उघडलंही. आणि बाहेर काय पडलं? “तेव्हा मला इंग्रजी कुठं नीट कळत होतं, ताई?”

“हो गं, पोर होतीस,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.