हसताना कोण दवाखान्यात जातं

बगांबा अराली बोलायला उभा राहिला की मांडवातल्या म्हाताऱ्यासुद्धा पुढं सरकून बसायच्या. आमच्या टोरो मुलखात मुलीला मागणी घालायला गेल्यावर नवरदेव तोंड उघडत नाही. त्याच्या वतीनं बोलायला जिभेचा धनी लागतो. मुलीकडचे आडवेतिडवे प्रश्न टाकतात, आणि ह्यानं हसवत हसवत वाट काढायची. फोर्ट पोर्टलच्या आसपास ह्या कामाला अरालीच लागायचा. अराली हे त्याचं मायेचं नाव. आमच्यात प्रत्येकाला असं एक असतं आणि हाक त्याच नावानं मारतात.

एकदा मुलीकडचे म्हणाले, "वाट चुकलात वाटतं. ह्या घरात मुलगीच नाही."

"मग एवढी कच्ची केळी शिजताहेत ती कुणासाठी?" अराली म्हणाला. "चुलीला नवरा बघताय होय?"

सगळा मांडव लोळला होता.

माझं शिवणयंत्र त्याच्या दारासमोरच्या ओट्यावर असतं, म्हणून मला मांडवाबाहेरचा अरालीही दिसायचा. एरवी तो चहाच्या मळ्यात काट्यावर पानं तोलायचा. मध्येच असे काही आठवडे यायचे की गडी झोपायचाच नाही. अंगणात मासे पाळायला तळं खणायला घ्यायचा, ते अर्धवट टाकून भिंती निळ्या रंगवायला लागायचा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून बोलत राहायचा. मग हळूहळू सगळं विझायचं. कामावर जायचा, पण परत आला की दार लावून बसायचा. हाक मारली तर आतून म्हणायचा, "ताप आहे गं." वेडाबिडा नव्हता, म्हणूनच कुणाला काही वाटलं नाही. लहरी माणूस, एवढंच.

त्याची बायको अब्वोली लेकीच्या बाळंतपणाला म्हणून म्बाराराला गेली. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, तरी ती परतली नाही.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. एका मांडवात मुलीचे आजोबा आशीर्वाद द्यायला उठले. ते तोतरे होते. अरालीनं त्यांची नक्कल केली. लोक हसले. त्यानं पुन्हा केली, थोडे हसले. तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही, तरी त्याची जीभ थांबेना. शेवटी नवरदेवाच्या काकानं दंडाला धरून त्याला खाली बसवलं. आजोबा आशीर्वाद न देताच आत गेले.

दुसरी गोष्ट त्याच्या बहिणीची, कुनिहिराची. तिच्या मुलाच्या मागणीला बोलायचं मामानं कबूल केलं होतं. गाड्या निघायची वेळ झाली, मामाचा पत्ता नाही. कुनिहिरा धावत आली तर हा कोट घालून खाटेच्या कडेला बसलेला, एक बूट पायात, एक हातात.

"उठ की रे!"

"उठवत नाही."

"परक्यांच्या मांडवात तोंडाला लगाम नाही, आणि बहिणीच्या वेळी दातखीळ बसली होय?" ती एवढं बोलली आणि दार आपटून गेली. मुलाकडून कुणी तरी भलताच माणूस बोलला आणि सगळ्यांसमोर फजिती झाली.

तेव्हापासून अरालीकडे कुणी फिरकेना. माणूस रोज दिसायचा आणि तरी नसल्यासारखा. रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावरची उरलेली जागा रिकामी राहायची.

अंग मोडून येतंय म्हणून तो गावच्या आरोग्य केंद्रात गेला. तिथलं आणि पुढचं सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं. तिथली नर्स अकीकी, त्याच्या लेकीच्या वयाची.

"मलेरिया नाही," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही नव्हता. अराली, तुम्ही बरे असता तेव्हा कसे असता?"

"बरा असल्यावर इथं कशाला येऊ? हसताना कोण दवाखान्यात जातं?"

ती हसली नाही. "तरी सांगा. झोप किती? काय काय करता?"

त्यानं सांगितलं. तळं, रंग, बोलणं, रात्र रात्र जागणं. सांगताना स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं.

"आणि मधले दिवस? असे उधाणलेलेही नाहीत आणि बसलेलेही नाहीत, नुसते साधे?"

अरालीनं खूप वेळ आठवून पाहिलं. "असे येतात," तो म्हणाला, "पण फार टिकत नाहीत." मग घाबरून म्हणाला, "म्हणजे मला वेड लागलंय?"

"ते ठरवणारी मी कोण? माझं राज्य ताप-खोकल्यापुरतं. मोठ्या दवाखान्यात रुबोंगोया अमूती बसतात, मनाच्या विभागात. त्यांच्याकडे जा. लाजू नका."

लाजू नका म्हणणं सोपं. तो मोटारसायकलवाल्याच्या मागं बसला आणि सांगितलं, "डोळ्यांच्या विभागात सोड." मोटारसायकलवाल्यानं ओळखलं. "अराली ना तुम्ही? माझ्या भावाच्या मागणीला काय बोलला होतात! एखादं टाका ना तसं." तो वाटभर मान मागं करून वाट बघत राहिला. अरालीला एक शब्द सुचला नाही. डोळ्यांच्या विभागासमोर उतरून, गाडी नजरेआड होईस्तोवर थांबून, मग तो चादरी वाळत घातलेल्या मागच्या वाटेनं मनाच्या विभागाकडे गेला.

रुबोंगोया मध्यमवयीन, सावकाश बोलणारे. सगळं ऐकून ते म्हणाले, "पुढच्या वेळी कुणाला तरी बरोबर आणा. तुमची दोन्ही रूपं ज्यानं जवळून पाहिलीत असं कुणीही."

घरी येऊन तो माझ्या ओट्याच्या पायरीवर बसला. "मांडवातल्यांनी एकच अराली पाहिलाय," तो म्हणाला. "तू दार बघितलंस, आतलं नाही. एवढी माणसं हसवली मी, आणि न्यायला माणूस नाही."

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला फोन केला. ती म्हणाली, "येते. पण परत जाणार."

रुबोंगोयांच्या खोलीत अब्वोली पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. "सकाळी मी आधी ह्याची पावलं ऐकायची," ती म्हणाली. "पावलं कशी पडतात त्यावरून ठरवायची, आज घरात बोलायचं की नाही. कितीतरी वर्षं."

"मला कधी सांगितलं नाहीस," अराली म्हणाला.

"कधी सांगू? उधाणात तू ऐकायचा नाहीस. आणि खाली बसलास की तुला आणखी दुखवायला माझी जीभ उचलायची नाही."

रुबोंगोयांनी समजावलं: हा मनाच्या चढउतारांचा आजार आहे. मोठ्या आजारासारखा माणसाला लोळवत नाही, म्हणून लवकर कळत नाही. पण संसार आतून पोखरतो. थोडं औषध, ठरल्या वेळी झोप, आणि नेमानं येऊन बोलणं. आयुष्यातून निघून जाईल असं नाही, पण आवरता येईल.

"गोळीनं माझी जीभ जाईल का?" त्यानं विचारलं. एवढीच एक गोष्ट होती त्याच्याकडे.

"खोटं सांगत नाही. थोडी धार कमी वाटेल कदाचित. तसं वाटलं तर मला येऊन सांगा, आपण बघू. गोळी परस्पर बंद करायची नाही."

बसच्या अड्ड्यावर अरालीनं अब्वोलीला विचारलं, "थांबतेस?"

"नाही. पण फोन केलास तर उचलीन."

बस धुरळा उडवत गेली. तो बराच वेळ तिथंच उभा होता, असं शेंगदाणे विकणारीनं मला सांगितलं.

पुढं एकदा त्यानं गोळी बंदही केली, उधाणाची आठवण येते म्हणून. पंधरवड्यात पुन्हा निळ्या रंगाचा डबा बाहेर निघाला. भिंत अर्धी झाल्यावर त्यानं स्वतःच ब्रश खाली ठेवला आणि रुबोंगोयांकडे गेला. ह्या वेळी पुढच्या फाटकानं.

तोतऱ्या आजोबांच्या घरी तो स्वतः जाऊन आला. त्यांनी बसायला स्टूल दिलं, माफ केलं असं मात्र म्हणाले नाहीत. कुनिहिराकडे गेला तेव्हा तिनं नाचणीचा उंडा आणि घोटलेल्या घेवड्याची वाटी पुढं ठेवली आणि स्वतः मागच्या दारी भांडी घासायला गेली. त्यानं एकट्यानं जेवण संपवलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा गेला.

आता तो कधीमधी लहानशा मांडवात बोलतो. लोक हसतात, लोळत नाहीत. "अरालीची मजा गेली," असं मागं म्हणतात आणि ते त्याच्या कानावर येतं. एकदा मी विचारलं, वाईट वाटतं का?

"वाटतं ना," तो म्हणाला. "तो दुसरा माझा दोस्त होता गं. बिनकामाचा होता, पण होता."

संध्याकाळी तो अंगणातल्या बाकड्यावर फोन घेऊन बसतो. नातवाचा दात पडला, म्बाराराला पाऊस नाही, असलं काहीबाही पलीकडून येतं. फोन ठेवला की तो चूल पेटवतो आणि एका माणसापुरती केळी सोलायला घेतो.