भाट्याच्या तरीवरची हाक

भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. अलीकडे राजिवडा, पलीकडे भाटे, आणि मधल्या पाण्यावर मक्त्याने दिलेली एक होडी. तिला सगळे तर म्हणत. रत्नागिरीत तोवर रस्त्यांवर म्युनिसिपालिटीचे दिवे लागत होते, मुंबईची बोट बंदराबाहेर उभी राहत होती, देवरुखकडे सर्व्हिस मोटार जात होती. पण खाडी ओलांडायची तर काठावर उभं राहून हाकच मारावी लागे.

मी भाट्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला होते. वैधव्य आल्यावर भावाने मला ट्रेनिंगला पाठवलं होतं आणि मी त्याच्याच घरी, रत्नागिरीत राहत असे. सकाळी तरीने जायचं, दिवेलागणीला तरीने परत यायचं. दिवसभर मुलींना ओरडून माझा घसा बसलेला असे. "चाचा, होडी आणा होऽऽ" अशी हाक मारली की शेवटचा 'हो' मध्येच चिरके. होडीवाला राजिवड्याचा एक म्हातारा होता. माझी हाक ऐकली की तो चिलीम खाली ठेवून निघे.

पाऊस सरून थंडी पडू लागली होती. एका संध्याकाळी मी काठावर पोचले तर चाचा होडी लावून वाटच बघत होता.

"कुठे गेलात बाय? हाक मारलीत म्हणून आलो, तर इथे कोण नाय."

"मी आत्ताच येतेय शाळेतून," मी म्हटलं.

तो हसला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तो हसला नाही. होडी अर्ध्या खाडीत आल्यावर त्याने वल्हं थांबवलं.

"आवाज तुमचाच, बाय. शेवटाला फाटतो तो पण."

पुढे राजिवड्यात बोलणं सुरू झालं. मासळी विकणाऱ्या बाया मला पाहून टोपल्या बाजूला ओढून घेऊ लागल्या. एकीने मला सरळ विचारलं, "तुमची कोण बहीण वगैरे मेली होती काय?" मी रागावले, पण घरी येऊन रात्री जेवण गेलं नाही.

मग एकदा मी स्वतःच ऐकलं. शाळा बंद करून केवड्याच्या बनाशेजारून काठाकडे निघाले होते. वाट वळणाची, पाणी अजून दिसत नव्हतं. आणि पुढून, पाण्याच्या बाजूने हाक आली. "चाचा, होडी आणा होऽऽ." माझं तोंड मिटलेलं होतं. तरी नकळत हात गळ्याशी गेला, आपणच बोललो की काय म्हणून. धावत काठावर गेले तर ओल्या वाळूत पावलं उमटलेली, बायकी, केवड्याकडे वळलेली. तिकडे बघायचा धीर झाला नाही.

आणि मग तो दिवस आला. मी नेहमीच्या जागी उभी राहून हाक मारली. पलीकडे चाचा बसलेला मला स्पष्ट दिसत होता. तो उठला नाही. पुन्हा हाक मारली. त्याने पाठ फिरवली. राजिवड्याच्या काठावर पोरं खेळत होती. माझी तिसरी हाक गेली तशा आया बाहेर आल्या, पोरांना दंडाला धरून आत घेऊन गेल्या. एकामागून एक दारं लागली. माझाच आवाज ऐकून. जिवंत माणूस असून मी पलीकडच्या काठाला भूत झाले होते. रडू कोसळलं.

मागून माझ्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "नाय येणार तो. आता तुमच्यासाठीपण नाय येणार."

मी वळले. केवड्यातून एक बाई बाहेर आली होती. विशी-बाविशीची, पदर घट्ट लपेटलेली, पाय चिखलाने भरलेले. मी मागे सरले तशी ती घाईने म्हणाली, "भिऊ नका, मी इथलीच. नारळांच्या वाडीतली सून."

ते घर मला ठाऊक होतं. नवरा मुंबईला गिरणीत, लग्नानंतर एकदाही परत न आलेला. ती म्हणाली, सासरचे माहेरी पाठवत नाहीत. माहेर देवरुखच्या बाजूला. एकदा ती तरीवर आली होती तेव्हा चाचानेच तिला घरी परत नेऊन पोचवलं होतं. सासऱ्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं, एकटी आली तर घ्यायची नाही म्हणून.

"तुमची हाक गेली की होडी येते. रोज परसातून ऐकत होते. तशीच मारून बघितली. आली! पण चाचाला समोर बघितलं की पाय उचलत नाय. लपून बसते."

बोलत होती ती, आणि मला वाटत होतं मी माझीच कैफियत ऐकते आहे. अंधारून येत होतं. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार होता, पण हातच होता.

"आता दोघी मिळून मारू," मी म्हटलं.

आम्ही एकदम हाक मारली. दोन्ही 'हो' एकदमच चिरकले. मलासुद्धा त्यातला माझा कोणता ते कळलं नाही. पलीकडे कंदील हलला आणि पाण्यावर आला.

चाचाने होडी टेकवली, कंदील वर केला आणि आमच्याकडे पाळीपाळीने पाहिलं. सून त्याने ओळखली. कंदील खाली ठेवला.

"दोन हाका आल्या," तो म्हणाला, "म्हटलं, एक तरी माणसाची असेल. बसा."

त्या रात्री ती आमच्याकडे राहिली. स्वयंपाकघरातून तिने पाणी मागितलं तर भाऊ बाहेरून म्हणाला, "ताई, तूच घे की!" मी त्याच्या शेजारीच बसले होते. त्याचा चेहरा पांढरा पडला.

निजताना मी तिला म्हटलं, "आता कोणाला भ्यायचं कारण नाही. आपल्या आवाजात बोल."

तिने तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, पण काहीच उमटलं नाही. मग ती माझ्या आवाजात म्हणाली, "आठवत नाय."

सकाळी तिला मोटारीत बसवून दिलं. सासरे चार दिवसांनी चाचाशी भांडायला आले, तेव्हा तो म्हणाला, "मी शाळेच्या बायना आणलं. आवाज त्यांचाच होता, सगळ्या राजिवड्याला विचारा." कोणी नाही म्हणालं नाही.

तिला न्यायला सासरचं कोणी गेलं नाही. उन्हाळ्यात तिचे वडील फणस घेऊन आमच्याकडे आले. ओसरीवर भावाशी बोलत बसले, लेक बरी आहे, शेतात राबते म्हणाले. मी आतून चहा आणून "घ्या" म्हटलं, तर कप घ्यायला पुढे केलेला त्यांचा हात तसाच राहिला आणि ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले.