कुलपाचं झाकण

माझ्या नवऱ्यानं जुनी मोटार घेतली ती माझ्यासाठी, हे गावात कुणालाच खरं वाटलं नाही. कोल्हारजवळ मळ्यात आमची वस्ती, नवरा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. लोक म्हणाले, साहेबाला मिरवायचंय. खरं कारण घरातल्यांनाच ठाऊक होतं. पहिल्या खेपेला मला कळा सुरू झाल्या तेव्हा नगरच्या दवाखान्यासाठी बैलगाडीनं सडकेपर्यंत आलो, तर एसटी निघून गेलेली. गाडी तशीच पुढं हाकली आणि राहुरीच्या अलीकडे, एका चिंचेखाली, ते मूल गेलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा नवऱ्यानं साठवलेले पैसे काढले. नगरला गेला आणि मोटार घेऊन आला.

मोटार आली आणि पहिल्याच आठवडे बाजारात कुणीतरी नळी घालून टाकीतलं पेट्रोल काढून नेलं. नवऱ्याला संताप आला. त्यानं टाकीचं जुनं झाकण फेकून दिलं आणि नगरच्या बाजारातून कुलपाचं झाकण आणलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात. आता कोण काढतो बघू, म्हणाला.

तिथून पुढं मोटार रुसायला लागली. निघताना छान निघायची, आठ-दहा मैल गेलं की आचके द्यायची आणि बंद. रस्त्याच्या कडेला बसून राहायचं. बऱ्याच वेळानं पुन्हा चालू, पुन्हा थोडं अंतर, पुन्हा बंद. मला सातवा लागला होता. प्रत्येक आचक्याला मी उरलेले दिवस मोजायची. नगर आमच्यापासून काही आठ मैलांवर नव्हतं.

गावातल्या मिस्त्रीकडं मोटार ढकलत नेली की तो आधी विचारायचा, "टाकीत तेल हाय का?" नवरा किल्लीनं झाकण उघडून दाखवायचा. मग मिस्त्री कार्बुरेटरची नळी सोडून इंजिन फिरवायचा. पेट्रोलची पिचकारी उडायची. "धार तर लई भारी हाय, सायेब. पंप चांगला हाय तुमचा." तरी त्यानं पंपाचा पडदा बदलला. नळ्या फुंकल्या. गाळणी धुतली. पुढच्या खेपेला म्हणाला, पंप तापतोय, त्याच्यावर ओलं फडकं टाका. माझा नवाकोरा पंचा त्यात गेला. दर वेळी मोटार गॅरेजातून शहाण्यासारखी बाहेर पडायची आणि दर वेळी पुढं जाऊन पाय पसरायची. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ही मोटार मिस्त्रीला भिते, तुम्हाला नाही." त्याला हसू आलं नाही.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "लोखंड शनीचं. त्याला तेल वाहिल्याबिगर ती चालायची न्हाई." नवरा एरवी देवधर्मात पडत नसे, पण घाबरलेला माणूस काय करणार? शनिवारी शिंगणापूरला जायचं ठरलं. मी पण येते म्हटल्यावर सासूबाईंनी डोळे वटारले. पोटुशीनं तिथं जायचं नसतं, म्हणाल्या. मी म्हटलं, मी लांब बसेन, पण मोटार कुठं बंद पडते ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मला त्या मोटारीचा रागच आला होता.

वाटेत ती बंद पडलीच. उन्हात बसलो, पुन्हा निघालो, कसेबसे पोचलो. नवरा अंघोळ करून ओल्या धोतरानं तेल वाहायला गेला. मी तेलाच्या दुकानासमोर, मोटारीच्या सावलीत बसले. दुकानाला दार नाही, शेजारच्या घराला दार नाही. दुकानदाराचं लक्ष आमच्या टाकीकडं गेलं. "बाई, आमच्या गावात कुलूप कशाला लावलं वं? हितं कोन न्हेतंय?" मला लाजल्यासारखं झालं. अख्ख्या गावात कुलूप लावलेलं एकच झाकण होतं आणि ते आमचं होतं.

बोलता बोलता त्यानं तेलाचा नवा डबा पुढं ओढला. खिळ्यानं एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि मग समोरच्या कोपऱ्याला दुसरं. डबा वाकवला, तेलाची सरळ धार लागली.

मी बघतच राहिले. घरी तेलाचा डबा मीच फोडायची. एकच भोक पाडलं तर तेल गुडगुड करत थांबतं, वारा आत शिरायला दुसरं भोक लागतंच. आमच्या टाकीला दुसरं भोक कुठं होतं?

नवरा आला तो निथळतच. "किल्ली द्या," मी म्हटलं. झाकण फिरवलं तशी टाकीनं सूं करून आत हवा ओढली. जुन्या झाकणाला हवेचं भोक असणार, ह्या कुलपाच्या झाकणाला ते नव्हतंच. मिस्त्री दर वेळी आधी झाकण उघडायला लावायचा, म्हणून त्याच्यापुढं धार लई भारी!

टाकीच्या तोंडाला सैलसं फडकं बांधून परत निघालो. मोटार कुठंही थांबली नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं हात जोडले, देव पावला म्हणाला. मला तेवढ्यावर झोप आली नसती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावायला लावलं. नेहमीच्या अंतरावर मोटार बंद. झाकण उघडलं, चालू. मग त्या झाकणाला मीच खिळ्यानं भोक पाडलं आणि मला इतकं मोकळं वाटलं की मी रस्त्यातच मोठ्यानं हसले.

दिवस भरले तेव्हा एका सकाळी भाकरी थापताना कळा सुरू झाल्या. सासूबाई मागं बसल्या, माझं डोकं मांडीवर घेऊन. नवरा मोटार चालवत होता. इंजिनाचा एकसारखा आवाज ऐकत मी पडून होते आणि मधेच तो आवाज थोडा उतरला. मान वर करून बघितलं तर समोर ती चिंच होती. मोटार ठीक होती, नवऱ्याचाच पाय ढिला पडला होता. पहिलं मूल गेलं त्या दिवसापासून त्या झाडाबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता.

"थांबू का जरा?" त्यानं विचारलं.

"नका थांबू," मी म्हटलं. "चालती हाय तर जाऊ द्या."

मुलगी झाली, नगरला, दवाखान्यातल्या खाटेवर. रडली तेव्हा दाराबाहेर नवराही रडत होता, ते मला आत ऐकू आलं.