शेजारची सीट

मास्तरांनी उभा जन्म गाडीत काढला, पण स्टिअरिंगसमोर नव्हे, शेजारच्या सीटवर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. डॉक्टर, दुकानदार, नोकरीला लागलेल्या मुली, साठी उलटल्यावर हौस सुचलेले आजोबा, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. एखाद्याने क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडवली तरी मास्तर आवाज चढवत नसत. "ठसका लागला वाटतं गाडीला, जरा दमाने घ्या," एवढंच म्हणत. आरशात न बघता वळलं की मात्र त्यांचा पारा चढायचा, मग समोर कोणी का असेना. एकदा एका न्यायाधीशांना त्यांनी भर रस्त्यात उतरवलं होतं आणि चालत घरी पाठवलं होतं.

घरच्या गाडीत मात्र चालवायला ते स्वतः आणि शेजारी बायको. तिथे जादा ब्रेक नव्हता. वळण आलं की ती उगाचच पायाने खालचा पत्रा दाबायची आणि म्हणायची, "जगाला सांभाळायला ब्रेक, आणि बायकोच्या वेळी हात आखडता!" मागे बसलेली त्यांची एकुलती एक लेक दर वेळी हसायची. विनोद तोच, पण आईची सांगायची तऱ्हाच तशी होती.

बायको गेली ती त्याच सीटवर. रिमझिम चालू होती, रस्ता ओला होता आणि वळणापलीकडे बंद पडलेला एक ट्रक दिवे न लावता उभा होता. मास्तरांच्या कपाळाला टाके पडले, बाकी काही नाही. लोक म्हणाले, दैव बलवत्तर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेक सांगायची, "बाबांनी वाचवायचा खूप प्रयत्न केला हो." मास्तर तेव्हा खाली बघत बसायचे.

त्यांनी शिकवणं सोडलं आणि लेकीच्या घरी येऊन राहिले. गाडीत बसायचं नाव काढलं की मान हलवत. बाजार असो की दवाखाना, जायचं ते पायी. दिवसभर खिडकीशी बसत. सुरुवातीला निदान रस्त्यावरच्या गाडीवाल्यांच्या चुका तरी काढत. पुढे तेही बंद झालं, तेव्हा लेकीने ते नवऱ्याच्या कानावर घातलं.

युक्ती जावयाने काढली. त्याच्या ऑफिसात कोणीतरी जुना गेम कन्सोल विकायला काढला होता. सोबत टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडल. लेक म्हणाली, "काहीतरीच काय! जखमेवर मीठ चोळायचं का आता?" जावई म्हणाला, "अगं, हाताला चाळा तरी होईल."

"या वयात मला खेळणं आणलंत?" मास्तर म्हणाले आणि जावयाचं मन मोडू नये म्हणून बसले. पहिल्यांदा ब्रेक दाबला, तसं पडद्यावरच्या गाडीचं नाक खाली झुकलं. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. ओल्या रस्त्यावर चाकं घसरली, तसं स्टिअरिंग त्यांच्या हातात एकदम हलकं पडलं, खऱ्या गाडीत पडतं अगदी तसं. "अरे, हे यांना कोणी सांगितलं?" ते म्हणाले. आपल्या घरची गोष्ट कोणीतरी बाहेर फोडल्यासारखा त्यांचा आवाज होता.

मग काही दिवस घरात मजा होती. मास्तर रेसमध्ये उतरत, वळण्याआधी आरशात बघत, मागून येणाऱ्याला वाट देत आणि शेवटून पहिला नंबर पटकावत.

"बाबा, ही रेस आहे, लायसन्सची परीक्षा नाही," जावई म्हणे.

"म्हणून बरं! यातल्या एकाही गाढवाला मी लायसन्स मिळू दिलं नसतं."

स्वयंपाकघरात लेक हे ऐकून हसायची आणि हसताहसता डोळे पुसायची. जेवताना मास्तर जावयाला खोदून खोदून विचारत. हे घसरणं खरं असतं का? गाडी ठोकली की चेपते, ते तरी खरं का? जावयाला सासऱ्यांचा उत्साह बघून बरं वाटायचं. तो छाती फुगवून सांगायचा, "शंभर टक्के खरं, बाबा. जिथे ठोकाल तिथेच चेपणार. जसं रस्त्यावर, तसंच इथे." बिचाऱ्याला काय कल्पना की आपण काय बोलून बसलोय.

लेक एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी दुकानातली वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. दारातच तिला आवाज आला. इंजिनाचा, मग टायर किंचाळल्याचा, मग धडकेचा. थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. ती चप्पल न काढताच आत गेली. पडद्यावर डोंगरातला रस्ता होता, वर रिमझिम, आणि वळणाच्या तोंडाशी बोगद्याचा दगडी खांब. मास्तर गाडी सरळ त्या खांबावर नेत होते. धडक झाली की चित्र थांबवत, गाडीभोवती फिरवत आणि शेजारच्या सीटचं दार जवळ आणून बघत. दार आत गेलेलं असायचं. "परत तेच," असं पुटपुटून ते पुन्हा सुरुवात करत.

"बाबा! काय चाललंय हे?"

मास्तर दचकले नाहीत. कधीतरी हे होणार हे त्यांना माहीत असावं. "बस," ते म्हणाले. "तू सगळ्यांना सांगतेस, बाबांनी खूप प्रयत्न केला. केला ना. कोणासाठी केला, ते नाही विचारलंस कधी."

"म्हणजे?"

"ट्रक दिसला आणि मी गाडी वळवली. माझी बाजू सुटली, तुझ्या आईची बाजू ट्रकवर गेली. उलटीकडे वळवली असती तर ती वाचली असती."

 लेक पलंगाच्या कडेला टेकली. "तेवढ्यात विचार करायला वेळ तरी असतो का, बाबा?"

"तेच तर सांगतोय. विचार केला असता तर असं झालंच नसतं. विचार न करता जे झालं, तो मी." त्यांनी हात पालथे करून बघितले. "जन्मभर पोरांना शिकवलं की घाबरलात तर हात आपल्याच जिवाकडे ओढतात, त्यांना आवरा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर मला खांब आधीपासून माहीत आहे. या वेळी माझी बाजू द्यायची, असं ठरवून निघतो. पण खांब जवळ आला की हे हात ऐकत नाहीत."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकायला लावलं. सकाळी ती चहा घेऊन गेली, तेव्हा ते खिडकीशी बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंग धरल्यासारखे हवेत गोल होते. तिने कप तिथेच ठेवला, स्टूल आणलं आणि खोकं स्वतः खाली काढलं. दुसरं काय करणार होती ती?

त्यानंतर ते आवाज घरात रोजचेच झाले. इंजिन, टायर, धडक. शेजारपाजारच्यांना वाटायचं, मास्तरांचा वेळ छान जातोय.

सुट्टीच्या दिवशी ती कपड्यांना इस्त्री करत होती. मास्तरांची हाक आली, "अगं, ये! लवकर ये इकडे!" आई गेल्यापासून असा आवाज तिने ऐकला नव्हता. ते पडले की काय, म्हणून ती धावत सुटली.

ते खुर्चीतच होते, डोळे पाण्याने भरलेले आणि चेहरा पहिल्या फटक्यात लायसन्स मिळालेल्या पोरासारखा. पडद्यावर गाडी खांबाला भिडून उभी होती. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार स्टिअरिंगपर्यंत आत गेलं होतं, काचा सगळीकडे पसरल्या होत्या. मास्तरांनी चित्र दुसऱ्या बाजूला फिरवलं. तिकडे आरसा जागच्या जागी होता आणि काचेवरून पावसाचे थेंब ओघळत होते.

"बघ, एक ओरखडा नाही," ते म्हणाले. "ऐकलं शेवटी हातांनी. तुझी आई इथून दार उघडून उतरली असती. घाबरली असती थोडी. मला चार शब्द सुनावले असते आणि स्वतःच्या पायांनी चालत गेली असती."

लेकीला ते चित्र बघवत नव्हतं. ती चेपलेल्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी?" हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. "मी कशाला हवा होतो गं? तुला आई राहिली असती."

यावर कुठलीही लेक एकच उत्तर देईल. तिलाही ते ठाऊक होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण उत्तराच्या आधी तिला तो फोन आठवला. पलीकडून कोणीतरी म्हणालं होतं, दोघांपैकी एकच जण वाचलंय, ताबडतोब या. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती टॅक्सीत मनातल्या मनात एवढंच घोकत होती, आई असू दे, देवा, आई असू दे. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"असं काय बोलता, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही हवेच होतात मला."

बोलली, पण क्षणभर उशिरा. आणि समोर होता तो माणूस, ज्याने शेजारच्याला ब्रेक दाबायला किती उशीर होतो हे बघण्यात हयात घालवली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने मान खाली घातली आणि तिला रडू फुटलं, आईसाठी आणि या समोरच्या माणसासाठी, एकदमच.

मास्तरांनी स्टिअरिंगवरचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"असू दे गं," ते म्हणाले. "माझंही तसंच झालं होतं."