केसरीनाथची पावणेतीन मिनिटं

नारपोलीत एकच बोलवा होती: मानकोलीच्या रंगूबाईचा केसरीनाथ मुंबईत हिरॉइनच्या गाडीतून फिरतो! खोटं, साफ खोटं. फिरायचा तो टेम्पोतून, मांडीवर कॅमेऱ्याचा जड स्टँड घेऊन. आणि सिनेमे कसले, तर मुख्य पिक्चरआधी दाखवतात ते माहितीपट, जे चालू असताना लोक बाहेर शेंगदाणे घेत उभे असतात!

सहा वर्षं स्टँड उचलल्यावर, चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, माहितीपट काढणाऱ्या साहेबांनी त्याच्या हाती कॅमेरा दिला आणि एकच रीळ. पावणेतीन मिनिटांचं.

"तुमच्याकडचे कापड विणायचे लूम टिपून आण. जमलं तर कॅमेरामन. नाहीतर स्टँड आहेच."

केसरीनाथ धावतच नारपोलीतल्या दाजींच्या लूमच्या कारखान्यात शिरला आणि थबकला. आत काळोख. मिणमिणत्या दिव्यांवर फिल्मचं काय भागणार? त्यानं वर पाहिलं.

"दाजी, चार कौलं काढतो."

"अरं, शूटिंग करतोस का घर पाडतोस?"

"लगेच बसवतो ना!"

"न्हाय बसवलीस तं तुलाच पसरीन तिथं, उताणा!"

कौलं निघाली. उडत्या कापसातून उन्हाचा झोत सरळ जमिनीवर! पण विणकर सलामतचाचांचं तोंड अंधारातच. केसरीनाथनं लूमवरून नुकताच उतरलेला पांढरा तागा झोताखाली पसरला, तसा उजेड उसळून चाचांच्या तोंडावर.

"अरे केसरी भाई, पहले ही भट्टी है, ऊपर से सूरज को भी अंदर बुला लिया!"

"चाचा, बोला काय बोलायचं ते, हात थांबवू नका!"

खटाखट, खटाखट. चाचा तुटला धागा जोडत राहिले, केसरीनाथ श्वास रोखून टिपत राहिला. रीळ संपलं.

"काळंकुट्ट येणार," दारातून बघत असलेला मी, सवयीनं दाजींचा हुबेहूब आवाज काढत, म्हणालो. "लाव पैज!"

"लावली," कौलं बसवत केसरीनाथ म्हणाला. "मी हरलो तर तुला खांद्यावरून मानकोलीला नेईन. तू हरलास तर दिवसभर कुणाची नक्कल नाही."

पंधरवड्यानं, शुक्रवारी लूम बंद असताना, केसरीनाथनं मुंबईहून धुऊन आणलेलं रीळ कारखान्यातच पडदा लावून दाखवलं. चाचांच्या भुवईवरचा कापूससुद्धा दिसला!

"या अल्ला, मैं इतना तेज़ हूँ?" चाचा ओरडले.

साहेबांनी मुंबईत आधीच पाहिलं होतं. पुढच्या माहितीपटाचा कॅमेरामन केसरीनाथ!

दुसऱ्या दिवशी, पैज हरलेला मी माझ्याच आवाजात बोलत घरात शिरलो. आतून आईनं विचारलं, "कोण पाव्हणा आलाय रं?"